ग्लू गन घेण्यापूर्वी



आपल्या शाळेच्या पत्रिकेत मी पहिल्यांदाच लिहितो आहे. लिहिणे हा माझा प्रांत नाही. मी कारखान्यात पॅकिंग विभागात काम करतो आणि माझे लिखाण म्हणजे शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये केलेल्या नोंदी. पण हस्तकलेच्या बाईंनी आग्रह धरला. "पालकसभेत जे बोललात तेच लिहून द्या," असे म्हणाल्या. म्हणून लिहितो. सभेत जे बोललो नाही तेही थोडे लिहिणार आहे, कारण तिथे उभे राहून ते सांगायचा धीर झाला नाही.

गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. माझी धाकटी तेव्हा सहावीत होती. डोकमर्डीत आमच्या शेजारची चार-पाच मुले आणि ही, सगळी मिळून सुट्टीत आकाशकंदील करायचे ठरले. सामानाची यादी झाली: पुठ्ठा, रंगीत कागद, कामट्या, टिकल्या, आणि शेवटी जाड अक्षरात 'ग्लू गन'. हल्ली मुले मोबाईलवर हस्तकलेची चित्रफीत बघतात आणि त्यात प्रत्येक गोष्ट ग्लू गननेच चिकटते. फेव्हिकॉल लावून वाट बघत बसायला कुणाला वेळ नाही.

यादी खिशात घालून मी शिफ्ट सुटल्यावर बाजारात गेलो. हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकारच्या गन होत्या. एक लहान, २० वॅटची, तिच्यात ७ मिलिमीटर जाडीची कांडी बसते. दुसरी मोठी, ८० वॅटची, ११ मिलिमीटरच्या कांडीची. दुकानदाराने विचारले, "कशाला पाहिजे?" मी म्हटले, "मुलीला." तो म्हणाला, "मग लहान न्या." आता मी पडलो पॅकिंगवाला माणूस. मला वाटले, चिकटवायचे तर पक्के चिकटले पाहिजे. मी मोठी उचलली. घरी आलो आणि मोठ्या ऐटीत लेकीच्या हातात दिली. तिने ती पिस्तुलासारखी धरून आईवर रोखली, आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर तीन दिवसांनी रात्री जेवायला बसलो होतो. धाकटी डाव्या हाताने चमच्याने भात खात होती. सौ. ओरडली, "हे काय नवीन? उजव्या हाताला काय झालंय?" ती म्हणाली, "स्केचपेनचा रंग लागलाय, जात नाहीये." मला खरेच वाटले. ताट उचलताना तिचा हात दिव्याखाली आला तेव्हा दिसले. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर कातडी निघालेली, मधोमध ओली लाल जागा, कडेला पांढरी साल.

तीन दिवस तिने ते लपवले होते. गरम गोंदाचा थेंब बोटांवर पडला, तिने दुसऱ्या हाताने झटकन ओढून काढला, त्याबरोबर कातडीही आली. मैत्रिणीने टूथपेस्ट लावली. घरी येण्याआधी हिने ती धुऊन टाकली. मी विचारले, "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावला असता. आणि गन परत घेतली असती. मग कंदील कसा झाला असता?"

रागावलो असतो, हे खरे आहे. ती ते बरोबर ओळखून होती.

सभेत मी फक्त 'मुलीला भाजले' एवढेच सांगितले होते. गन मी आणली होती, दुकानदार लहान न्या म्हणत असताना मोठी आणली होती, आणि त्या तीन दिवसांत एकदाही ती मुले काय करताहेत हे बघायला गेलो नव्हतो, हे मात्र सांगितले नाही. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे.

आपल्या सिल्वासाभोवती किती कारखाने आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. करसवलतींमुळे १९८० नंतर ते वाढत गेले आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांची चूल त्यांवर पेटते. पॅकिंगमध्ये ज्यांनी काम केले आहे त्यांना 'हॉट मेल्ट' हा शब्द नवा नाही. खोकी बंद करण्यासाठी जो गोंद वापरतात तो. टाकीत दाणे किंवा वड्या टाकायच्या, त्या वितळतात, तापलेल्या पाइपातून गोंद पुढे येतो आणि तोटीतून खोक्याच्या झाकणावर त्याची रेघ पडते. आमच्याकडे टाकीचे तापमान साधारण १६० ते १८० अंशांवर ठेवतात. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला मीच सांगतो: हातमोज्यांशिवाय तोटीजवळ जायचे नाही, शर्टाच्या बाह्या खाली, डोळ्यांवर चष्मा. मशीनवर गुजराती आणि हिंदीत पाटी आहे. एकदा एकाने मोजे न घालता हात पुढे केला तर मी त्याला सगळ्यांसमोर झापले होते.

ग्लू गनमधली कांडी म्हणजे त्याच जातीचा गोंद. इथिलिन व्हिनाइल ॲसिटेट नावाचे प्लास्टिक, त्यात चिकटपणासाठी राळ आणि थोडे मेण. कारखान्यात बाप्यांना ज्याच्यासाठी हातमोजे घालायला लावतो, तीच वस्तू मी अकरा वर्षांच्या मुलीला उघड्या हातात दिली. आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत ही दोन टोके माझ्या डोक्यात कधी जुळली नाहीत, कारण एक खोक्यांचे मशीन होते आणि दुसरे खेळण्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ड्रेसिंग केले आणि आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावले. ते पालकांनी वाचावे म्हणून लिहितो. गरम पाणी अंगावर सांडले तर ते ओघळून जाते. गोंद जात नाही. तो तिथेच बसतो आणि आपल्यातली सगळी उष्णता कातडीला देतो. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत खोल भाजू शकते, मग दीड-दोनशे अंशांचा थेंब काय करत असेल याचा विचार करा. मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. शिवाय थेंब पडला की मूल दुसऱ्या हाताने तो काढायला जाते, म्हणजे दोन्ही हात भाजतात.

असे झाले तर सर्वांत आधी भाजलेली जागा गोंदासकट नळाखाली धरायची. साधे गार पाणी, बर्फ नाही. वीस मिनिटे. 'वीस मिनिटे' हे वाचायला सोपे आहे, पण एकदा घड्याळ लावून नळाखाली हात धरून बघा म्हणजे कळेल. आपण दोन मिनिटांत कंटाळून हात काढून घेतो. लगेच जमले नसेल तरी पुढच्या तीन तासांत केलेल्या या उपायाचा उपयोग होतो. गोंद थंड होऊन आपोआप सुटला तर ठीक, चिकटून बसला असेल तर ओढायचा नाही, ते काम डॉक्टरांचे. फोड फोडायचा नाही. अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज येण्याआधी काढायची. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावायचे नाही. आमच्या घरात पूर्वापार शाई लावत आले आहेत, त्यामुळे हे ऐकताना माझी मान जरा खालीच होती. हाताच्या बोटांवर, सांध्यावर किंवा चेहऱ्यावर फोड आला तर लहान दिसला तरी दाखवून घ्यावा.

आता गनविषयी. मेंटेनन्समधल्या एका मित्राकडे तापमान मोजायची तार असते. रविवारी त्याला घरी बोलावले आणि आमची मोठी गन आणि शेजाऱ्यांची लहान २० वॅटची गन, दोन्ही टेबलावर ठेवून तोंडाशी मोजले. मला वाटले होते लहान गन बरीच थंड निघेल. तसे काही नव्हते. लहान गनही चांगली दीडशेच्या पुढे गेली. मित्र म्हणाला, "अरे, वॅट म्हणजे ती किती लवकर तापते आणि किती गोंद वितळवू शकते, तो आकडा. शेवटी किती तापणार हे आतल्या हीटरवर ठरतं." बऱ्याच गनमध्ये असा हीटर असतो की तो ठरावीक तापमानाला पोहोचला की स्वतःच वीज कमी घेतो. म्हणजे दुकानदाराने मला दिलेला सल्ला बरा होता, पण पुरता बरोबर नव्हता. लहान गनमधून गोंद कमी येतो आणि लहान हातात ती नीट बसते, हा तिचा फायदा. ती कमी भाजते असे मात्र समजू नये.

मुलांसाठी हवी ती 'लो टेंपरेचर' म्हणजे कमी तापमानाची गन. ती साधारण १२० अंशांच्या आसपास चालते, नेहमीची जास्त तापमानाची गन १९० च्या आसपास. १२० अंशांनीही भाजते, गैरसमज नको. पण थेंब लवकर थंड होतो आणि इजा उथळ राहण्याची शक्यता जास्त असते. घेताना खोक्यावर तापमान लिहिले आहे का ते आधी पाहावे. नुसते 'मुलांसाठी सुरक्षित' असे लिहून रंगीत कार्टून छापले असेल आणि आकडा नसेल तर मी ती गन घेणार नाही. कांड्याही कमी तापमानाच्याच घ्याव्या लागतात. नेहमीची कांडी या गनमध्ये घातली तर ती नीट वितळत नाही, मूल दोन्ही हातांनी चाप दाबत बसते आणि काही वेळाने चाप तरी मोडतो किंवा गन तरी हातातून सटकते.

खोक्यावर विश्वास नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते, पण ती मोठ्यांनीच करायची. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्यावा. (सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, त्यामुळे विकत घ्यायला जाऊ नका.) गन पाच-सात मिनिटे तापू द्यावी आणि खिडकी उघडी ठेवून तुकड्यावर एक थेंब टाकावा. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो. जास्त तापमानाचा गोंद त्यात खड्डा करत आत जातो. कमी तापमानाचा थेंब वर बसून राहतो, फार तर जरासा दबतो. आमच्या दोन्ही गननी भोके पाडली. धाकटी ते भोक बराच वेळ बघत होती. मग आपल्या बोटाकडे बघितले. बोलली काही नाही.

बाकीच्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. गन उभी राहील असा पाय तिला हवा, आडवी ठेवली तर वितळलेला गोंद मागे सरकतो आणि तोंडातूनही गळत राहतो. धातूच्या तोंडावर सिलिकॉनचे टोपण असेल तर फार चांगले. चालू-बंद बटण आणि दिवा हवा, कारण गन गरम आहे की थंड हे बघून समजत नाही. वायर लांब आणि जाड असावी, प्लगवर आयएसआय चिन्ह असावे. आमच्या गनचा प्लग सैल होता आणि पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा तो ठिणग्या टाकायचा. एक्स्टेंशन बोर्ड मुलांच्या पायांत येईल असा जमिनीवर टाकू नये. काम झाल्यावर प्लग काढून अर्धा तास गन तशीच उभी राहू द्यावी, दप्तरात लगेच कोंबू नये. हल्ली चार्जिंगच्या बिनवायरच्या गन मिळतात. पायात वायर येत नाही हे चांगले, पण तापमानाचा प्रश्न तिथेही तोच आहे.

कमी तापमानाच्या गोंदाची पकड थोडी कमी असते, हेही सांगितले पाहिजे. कागद, पुठ्ठा, कापड, बर्फीच्या काड्या, टिकल्या यांना ती पुरते. दगड, पत्रा, जड लाकूड यांना नाही. आणि आकाशकंदिलात जुना पिवळा बल्ब लावला तर त्याच्या उष्णतेने गोंद मऊ होऊन पाकळ्या सुटतात. एलईडी लावावा, तो फारसा तापत नाही.

सभेत एका ज्येष्ठ पालकांनी मुद्दा मांडला होता की, "आम्ही चुलीजवळ वाढलो, हात भाजले, त्यातूनच शिकलो. मुलांना इतके जपून कसे चालेल?" मला त्यांचे म्हणणे थोडे पटते. मुलांनी हाताने कामे केली पाहिजेत, नाहीतर उद्या त्यांना खिळाही ठोकता येणार नाही. पण चुलीचा जाळ दिसतो. तवा तापला की हाताला आच लागते, मूल आपोआप मागे सरते. गनच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही आणि थेंब पाण्यासारखा पारदर्शक असतो. कारखान्यातही लोक भाजतात ते लाल भट्टीपाशी नाही, थंड वाटणाऱ्या तोटीपाशी.

आणि प्रत्येक कामाला गन कशाला हवी? माझी आजी जव्हारची. ती मैद्याची खळ करायची. थंड पाण्यात मैदा कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. त्या खळीने केलेले कामट्यांचे आणि पतंगाच्या कागदाचे कंदील दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत टिकायचे. (वह्या-पुस्तके बांधणारे खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत घालू नये.) आपल्या भागातले वारली लोक भिंतीवर चित्रे काढतात त्या पांढऱ्या रंगातही तांदळाचे पीठ, पाणी आणि डिंकच असतो. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला की कागदाला उत्तम चालतो. कापडाला सुई-दोरा आहे. पुठ्ठ्याला खाचा पाडून एकात एक अडकवता येते.

एक मात्र बजावून सांगतो. गन नको म्हणून कुणी फेव्हिक्विक देऊ नये. तो क्षणात बोटे चिकटवतो, आणि सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतक्या जोरात तापतो की कपड्यांखालची कातडी भाजू शकते. मुलीच्या फ्रॉकवर तो सांडला तर काय, हा विचार करून मी घरातली छोटी ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. मुलांना 'येताना गन घेऊन या' असे सांगण्याची पद्धत बंद व्हावी. त्यामुळे घरटी वेगवेगळी गन येते, कुणाची कशी ते बाईंना कळत नाही, आणि ज्यांना परवडत नाही ती मुले बाजूला बसून बघत राहतात. त्याऐवजी शाळेनेच कमी तापमानाच्या सहा-आठ गन घेऊन ठेवाव्यात. वर्गातली सगळी मुले एकदम चिकटवत नाहीत, निम्मी कापत असतात. भिंतीलगत, नळाच्या जवळ एक टेबल असावे, तिथेच बसून चिकटवायचे, आणि त्या टेबलाशी कुणीतरी मोठे माणूस असावे. मला शनिवारी दुसरी शिफ्ट नसली की मी येऊन बसेन, माझ्यासारखे आणखी दोन-चार पालक सहज निघतील. चौथीपर्यंतच्या मुलांना गन देऊच नये असे माझे मत आहे. त्यांच्यासाठी खळ, फेव्हिकॉल आणि दोरा पुरे. पाचवी ते सातवी टेबलावर, मोठ्यांच्या नजरेसमोर. आठवीच्या पुढे मुलांना नेहमीची गनही शिकवावी, हातमोजे घालून, कारण पुढे यातलीच कितीतरी मुले कारखान्यात जाणार आहेत.

आणखी एक नियम वर्गात लिहून ठेवावा असे वाटते. भाजले तर लगेच सांगायचे आणि सांगितले म्हणून कुणालाही बोलणी बसणार नाहीत, गनही काढून घेतली जाणार नाही. हा नियम घरीही हवा. आमच्या घरी तो आता आहे. तो पाळणे माझ्या तापट स्वभावाला जड जाते. गेल्या महिन्यात इस्त्रीने तिच्या मनगटाला चटका बसला तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आली, "बाबा, भाजलं! घड्याळ लावा!" मी तोंडापर्यंत आलेले शब्द गिळले आणि नळ सोडला. वीस मिनिटे आम्ही दोघे मोरीपाशी उभे होतो. तिने तेवढ्यात मला सातवीचा सगळा इतिहास सांगून टाकला.

बोटांवरचे डाग अजून आहेत, गुलाबी. हात चालतो, अक्षर पूर्वीसारखे आले आहे. मोठी गन मी माळ्यावर टाकली आहे. यंदाचा कंदील खळीने करायचा असे तिनेच ठरवले आणि परवा आजीच्या पद्धतीने मैदा कालवायला बसली. पाणी गरम घेतले, त्यामुळे सगळ्या गुठळ्या झाल्या. आता रविवारी पुन्हा करणार आहे. कामट्या मी तासून ठेवल्या आहेत. शेजारच्या मुलांनाही यायला सांगितले आहे, ज्यांना जमेल त्यांनी सकाळी दहा वाजता यावे. येताना फक्त कात्री आणा.